तांदळात लिहिलेलं नाव

सानिका,

१९८४ साली लग्नात तुझ्या बाबाने रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलं, मृदुला. सगळ्यांना ते आवडलं. कॉलेजातल्या ज्या मुलीवर त्याचा जीव होता तिचं ते नाव, हे मांडवात फक्त त्याला ठाऊक होतं.

२००३ साली त्याचा पुण्याचा मित्र इथे आपल्या घरी जेवायला आला. तुझी आई पोळी वाढत असताना तो हसत म्हणाला, "मृदुला शेवटी मिळवलीसच की लेका!"

"इतकी वर्षं हाक कुणाला मारत होतास?" एवढंच तिने नंतर विचारलं.

आई का सोडून गेली, असं काल तू खोदून विचारलंस म्हणून त्याने हे सांगितलं, आणि तू दार लावून घेतलंस.

ती मृदुला नाशकात नातवंडांत रमली आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही. तुझी आई वेलिंग्टनला पुन्हा हेमांगी झाली. बाबा सकाळपासून गॅरेजमध्ये बसलाय, तुला तोंड दाखवायची लाज वाटते त्याला. मी डॉक्टरकडे जातेय. आमटी गरम करून त्यालाही वाढ.

तुझं नाव तुझ्या आईने ठेवलंय. बाबाला तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

आजी