उभ्याने जेवणारा माणूस

प्रिय कोल्टन,

परवा वासरं डागायच्या दिवशी मला आठवणीने बोलावलंस, त्याबद्दल आधी आभार. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या नालबंदाचा कुणाला काय उपयोग? तरी विस्तवापाशी बसवून डागण्या तापवायचं काम दिलंस, तुझा बाप द्यायचा तसंच. घेवडा तळाला लागला होता, पण मी दोनदा वाढून घेतला.

तुझ्या बापाची, हार्लनची, एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. त्याने स्वतः सांगितली नसणारच, त्याच्या पोटात गेलेलं गुपित कधी बाहेर आलं नाही. अकरा वर्षांपूर्वी मला गुदद्वाराशेजारी सुपारीएवढं गळू झालं. आता मी जन्मभर घोड्यांच्या खुरांतली गळवं काढत आलो. काळं मलम लावायचं, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, गळू फुटतं, पू वाहून जातो, चार दिवसांत घोडा पळायला मोकळा. मला वाटलं, आपल्यालाही तोच न्याय. डब्यातलं तेच मलम चोपडलं. दोन दिवस तापाने फणफणलो, तिसऱ्या दिवशी गळू गाडी चालवतानाच फुटलं, ठणका एकदम थांबला आणि मी शीळ घालत घरी आलो. तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा भरलं. पुन्हा फुटलं. असं दीड वर्ष चाललं. मी सडाफटिंग, कपडे धुताना डाग बघणारं कुणी नाही, त्यामुळे लपवणं सोपं होतं. खरं सांगू? माझे वडील आतड्याच्या कर्करोगाने गेले. तपासलं तर तेच निघेल, या भीतीने मी गप्प होतो.

तुझ्या बापाने मात्र मला पकडलं. म्हणाला, "ऑर्विल, माझी घोडी एक पाय उचलून उभी राहिली तर तू मिनिटात ओळखतोस. आणि तू वर्षभर माझ्या टेबलाशी उभ्याने जेवतोयस, ते मला दिसत नाही होय रे?" मी चिडून म्हणालो, तू तुझ्या गाई बघ. तर म्हणतो, "त्याच बघतो, पण त्या तुझ्यासारख्या खोटं बोलत नाहीत." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी माझ्या फाटकाशी, सीटवर उशी ठेवलेली. गाई विण्याचे दिवस होते, कोल्टन. त्या दिवसांत हार्लनने गोठा सोडलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

लेथब्रिज शहरातली सर्जन म्हणजे माझ्या ऐरणीहून वयाने लहान पोरगी. तिने कागदावर चित्र काढून समजावलं, की गुदद्वाराच्या आतली एक बारीक ग्रंथी पिकते आणि पू कातडीपर्यंत बोगदा पोखरत येतो. तोच भगंदर. बाहेरचं तोंड मिटतं, आतलं तसंच राहतं, म्हणून पुन्हा पुन्हा भरतं. फुटलं म्हणजे बरं झालं, हे घोड्यांचं, ती म्हणाली, माणसांचं नेहमीच तसं नसतं. माझा बोगदा शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूतून गेला होता. एका फटक्यात कापला तर ताबा जाण्याचा धोका. म्हणून तिने त्यातून एक मऊ दोरा ओवून ठेवला, पू वाहता राहावा म्हणून. चार महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून बोगदा बंद केला. आतला तुकडाही तपासला. कर्करोग नव्हता. ते कळल्यावर मी गाडीत बसून रडलो आणि तुझा बाप खिडकीबाहेर बघत राहिला.

कोमट पाण्यात बसायला घोड्यांचे पाय शेकायचा टब त्यानेच आणून दिला. गावात सांगितलं, ऑर्विलला खेचराने लाथ मारली. लोक अजून मला त्या खेचराबद्दल विचारतात. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. त्याच्या शवपेटीला खांदा दिला, तो ते देणं अंगावर घेऊनच.

परवा सगळे बाकांवर बसले आणि तू ताट घेऊन कुंपणाला टेकून जेवलास. खोगिरावरही एका अंगावर बसला होतास. तुझ्या गाडीत काळ्या मलमाचा डबा पाहिला आणि तुझ्या घोड्यांचे खूर तर ठणठणीत आहेत. चारचौघांत विचारलं नाही. त्याच सर्जनकडे गुरुवारी दहाची वेळ घेतली आहे. ताप आला किंवा ठणका वाढला तर गुरुवारची वाट बघू नकोस, फोन कर, असेन तसा येईन. नाहीतर गुरुवारी सातला माझी गाडी तुझ्या फाटकाशी उभी असेल. उशी तुझ्या बापाचीच आहे, मी जपून ठेवली होती. गावाला कुठलं खेचर सांगायचं, ते वाटेत ठरवू.

तुझाच,
ऑर्विल