कणकीचा दिवा

बाबा, काल तुमच्या पणतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, अंगणात स्वतः बनवलेली हातभर लांबीची खेळण्यावाणी गाडी चालवून दाखवली. अमरावतीतच इंजिनेरी शिकते. मी चवथीतून उठलेली, मले काय समजते, पण तिनं पोळ्या लाटता लाटता समजावलं. टाकीत हायड्रोजन वायू दाबून भरते. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं आपली साधी हवा, मधात पापुद्र्यावाणी पडदा. दोघांची गाठ पडते, पण जाळ नाई, धूर नाई, नुसती वीज होते अन् मोटर फिरते. संगं बॅटरीपण असते. खऱ्या मोठ्या गाडीले चिखलदऱ्याचा घाट चढाले ती बॅटरी जोर देते, उतरतानी ब्रेक दाबला का मोटरच उलटी वीज करून तिले भरते. अन् मांगून निंघते काय, तं पाणी. मी बोट लावून पाह्यलं, बाबा. लेकरावाणी हासली मी.

मग ती म्हणे, "पण आजी, या वायूजवळ..." अन् माझ्याच तोंडून निंघालं, "काडी नाई ओढाची." "तुले कसं माहीत व?" तिनं विचारलं.

अकोल्याचं आपलं चार्जिंगचं दुकान. बॅटरीची बुचं उघडी, आत तेजाबाले बुडबुडे येऊन राहिले, अन् तुमी दारातच मले दटावता, "पोट्टे, इथं जाळ नाई आणाचा. बुडबुड्यातून वायू निंघते, तो दिसत नाई." दसऱ्याले तुमी झेंडू आणाले गेले. साऱ्या हत्याराची पूजा झाली, बॅटरीचीच काहून नाई, म्हणून मी कणकीचा दिवा लावून तिच्या मांगं ठेवला. देवाच्या दिव्याले कोण जाळ म्हणते, असं वाटलं मले. तुमी आले, बॅटरीले हार घालाले वाकले, अन् ती फाटकन् फुटली. तुमच्या डाव्या डोळ्यात तेजाब. शेजारचे पाणी मारून राहिले, अन् मी विझलेला दिवा उचलून फ्रॉकच्या खिशात कोंबला.

मरेपर्यंत तुमी एका डोळ्यानं पाह्याले मान वाकडी करत, अन् ज्याले त्याले सांगत, "वायर माझीच ढिली राह्यली, ठिणगी उडाली." मी बाजूले बसून ऐकत होती.

कालपण नातीले तेच सांगितलं, "माझ्या बाबाची वायर ढिली राह्यली होती."

वायर घट्ट होती, बाबा. दुसऱ्या दिवशी मी हात लावून पाह्यली होती.

हा कागद कुठं धाडाचा? घडी करून कणकीच्या डब्यात ठेवून राहिली. उद्याच्या पोळ्या नातीकडं आहेत.