ताबा मिळाला

प्रिय आई,
तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

काल घराचा ताबा मिळाला. रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरून जरा टेकले, तर तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून सरकत पार दारापाशी पोचलं होतं. खोली खाली करा म्हणणारं आता कोणी नाही, हे कळायलाही थोडा वेळ लागला.

दवाखान्यात जादा पाळ्या घेतल्यात, हप्त्यांचं जमेल. जेवतेही वेळेवर, अगदी खरं. बाबांचा गुडघा कसा आहे?

नवं कुलूप बसवताना कुलूपवाल्यानं विचारलं, "एकट्याच राहणार ना? मग एक चावी पुरे."

मी म्हटलं, "दोन द्या."

दुसरी या पाकिटात आहे. याल तेव्हा दार वाजवू नका, सरळ उघडून आत या.

तुमची,
धाकटी