चालकाच्या जागी धाकू

३ नोव्हेंबर
आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वर, कातळाच्या सड्यावर ऑफिस. मागे राहायची खोली, खिडकीत समुद्र. गणित शिकून अशी नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. लष्करी गाडीवर मारा झाला तर तिचा कुठला भाग निकामी होण्याची किती शक्यता, ते मांडायचं. कमजोर जागा आधी कळली तर आतली माणसं वाचतात. इथले प्रमुख दीपक सर साधे वाटले. स्वयंपाक करणाऱ्या सगुणावहिनींनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं होतं. त्यांचा नवरा धाकू इथेच वॉचमन आहे.

६ नोव्हेंबर
इंजिन, टाकी, चाकं हे भाग. समीकरणात चालकही एक भागच. त्याचं शरीर धाकूचं. सरांनी गणित चालवणाऱ्या यंत्रासमोर उभं करून त्याची मापं घेतली होती. तो कौतुकाने सांगतो. मी रुजू झाले तेव्हा माझीही घेतली. आज चालकाच्या डाव्या गुडघ्यात तुकडा घुसला असं धरलं. उत्तर सुरेख आलं.

७ नोव्हेंबर
वहिनी रडवेल्या होत्या. "ताई, ह्यांचा डावा पाय उचलतच नाय. पडले नायत, काय लागला पण नाय."

१० नोव्हेंबर
योगायोग म्हणून सोडून दिलं होतं. आज चालकाच्या उजव्या खांद्यात तुकडा धरला. फाटकाशी धाकू ओरडला. धावत गेले. हात लोंबत होता, ओरखडाही नव्हता.

११ नोव्हेंबर
सरांना सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, धाकूआधी ज्याची मापं होती त्याचंही असंच व्हायचं, म्हणून तर आपले आकडे खरे ठरतात. मग चहा मागवला. धाकूने तो एका हाताने, लंगडत आणला. माझं डोकं फिरलंय.

१२ नोव्हेंबर
धाकूची मापं पुसली. रिकाम्या जागेवर गणित चालेना. यंत्र तपासताना सरांनी स्वतःचीही मापं घेतली होती. तीच बसवली. उद्या सर लष्कराच्या पाहुण्यांना यंत्रावर पूर्ण मारा दाखवणार आहेत. दाखवू देत.

१३ नोव्हेंबर, दुपार
बटण त्यांनीच दाबलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. ते हसत उभे —
मग हळूच मला म्हणाले, अदलाबदल सकाळीच लक्षात आली. आता चालकाच्या जागी तुम्ही.

कशीबशी खोलीत आले. गुडघा गेलाय. उजवा खांदाही — डाव्या हाताने लिहितेय. माऱ्याचा क्रम मीच लावला होता. यानंतर छाती.

भीती नाही वाटत. संताप — माणसाला भाग म्हणणारी मीही —

वहिनी दार ठोकतायत. उठता येत नाही. वहिनी, ते यंत्र फो—