आमच्या आईबापांच्या वर्गाची पाहणी

पिंपरी,
फेब्रुवारी १९७९

ती. अक्कास,

धाकट्या कस्तुराचा मनापासून जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक. मी तर आनंदाने घरात मावत नाहीये, म्हणून आधी बातमी ऐक.

आमच्या चाळीतली पोरं कंपन्यांच्या मागून पितळेचं भंगार उचलायची आणि पोलीस चौकीत जाऊन बसायची, हे तुला ठाऊकच आहे. त्यावर उपाय म्हणून पुण्याच्या एका संस्थेने मला आईबापांचा वर्ग घ्यायला लावलं. (आईबापांचा हे नुसतं म्हणायचं, बाप फक्त चहापुरते येतात.) पोर लहान आहे तोवरच त्याच्याशी बोलत जा, हात उगारण्याआधी काय झालं ते विचारा, एवढंच मी शिकवते. समोरच्या चाळीत मात्र मुद्दामच वर्ग ठेवला नव्हता, कारण दोन्ही चाळी ताडून बघूनच वर्गाचा उपयोग होतो की नाही ते ठरणार होतं.

परवा त्यासाठी संस्थेचे साहेबराव आले. (नावातच साहेबही आहे आणि रावही, त्यामुळे हाक कशी मारावी ते कळेना.) घरोघर हिंडले, चौकीत जाऊन आले आणि तोंड पाडून म्हणाले, "बाई, तुमची पोरं सुधारली खरी, पण समोरचीही तेवढीच सुधारली. म्हणजे वर्गाचा उपयोग नाही. बंद करावा लागेल."

तेवढ्यात समोरच्या चाळीतल्या चतुराबाई पदर खोचून पुढे आल्या. "बंद? न्हाई जमायचं! आमी समद्या बाया खिडकीखाली बसून ऐकतो. माझ्या भिवाला मारायचं मी कवाच सोडलंय!"

साहेबरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही ऐकायचं नव्हतं!"

"मग बाईंना हळू बोलाया सांगायचं व्हतं!"

(माझा आवाज तुला माहीत आहे.) यावर साहेबरावच पोट धरून हसायला लागले. वर्ग आणखी वर्षभर चालणार, आणि चतुराबाई आता आत बसणार, अगदी पुढे! मी सगळ्यांना चहा पाजला, घरातली साखर संपेपर्यंत.

तुझी,
कस्तुरा

ता. क. हे पत्र लिहिता लिहिता मधेच उठून आमच्या ह्यांच्यावर ओरडून आले. काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.

आणखी एक ता. क. खरं काम सांगायचं विसरलेच. साहेबरावांना आता वर्गाचा वाराही न लागलेली चाळ हवी आहे. मी तळेगावची तुमचीच सुचवली. पुढच्या आठवड्यात ते येतील, तोवर कृपा करून तुझ्या पोरांना वळण लावायला जाऊ नकोस. आहेत तशीच उत्तम आहेत.