तेल चढेपर्यंत

३० सप्टेंबर २०२५, मंगळवार

निषेध! माझ्या खुर्चीवर इंजिनाचं हेड बसलंय. ज्या खुर्चीतून मी शिरूरच्या साप्ताहिकात दर आठवड्याला अख्ख्या तालुक्याला अक्कल शिकवतो, ती आज एका तेलकट लोखंडानं बळकावली. मी उंबऱ्यावर बसून लिहितोय. पायाला मुंग्या आल्यात. इतिहासानं नोंद घ्यावी.

यवतच्या रोहिदास मेकॅनिकच्या गॅरेजचे पत्रे वाऱ्यानं उडाले, म्हणून आमच्या व्हॅनचं इंजिन तो इथं, खुटबावला, आमच्याच पडवीत बांधतोय. नवे पिस्टन, नवी बेअरिंगं. सगळा खटाटोप रश्मीचा — बायकोला माझ्यापेक्षा व्हॅनची काळजी!

जाताना त्यानं ऑइलपंपात व्हॅसलीन ठासून भरलं. "कोरडा पंप तेल वढीत न्हाई, दादा. ह्ये असलं की लगेच वर खेचतो."

म्हटलं, "आमच्या सोसायटीच्या चेअरमनलाही असंच आधी भरावं लागतं." तो हसला. रश्मी नाही. ती हल्ली हसतच नाही.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. धुरपदाआत्यानं — वडिलांची बहीण, घरचं सुप्रीम कोर्ट — पाने, हातोडे, इंजिनाचे सुटे भाग, सगळं देवापुढं मांडलं. हळदकुंकू, झेंडू. इतकं लख्ख लोखंड मी कारखान्यातही पाहिलं नाही.

जेवताना रश्मीनं सांगितलं. शिक्रापूरला कामगारांच्या डब्यांचं काम मिळालंय. गाडी चालू झाली की ती तिथंच खोली घेणार, रविवारी तेवढी घरी. विचारलं नाही — कळवलं!

"का?"

"तिथं माझ्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही."

उत्तर जिभेवर तयार होतं. चांगलं होतं. गिळलं. आमटीत मीठ कमी होतं, तेही गिळलं.

४ ऑक्टोबर

इंजिन बांधून गाडीत बसलं. मनात एक वाक्य आलं. लिहीत नाही.

लिहितो. ते चालूच होऊ नये.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

आत्यानं मुहूर्त काढलेला. निम्मी आळी अंगणात.

नव्या बांधलेल्या इंजिनाला लगेच पेटवायचं नसतं म्हणे. प्लग काढून स्टार्टर नुसता फिरवायचा, तेल आत सगळीकडं चढू द्यायचं. चढलं की समोरचा लाल दिवा विझतो. मी चावी फिरवत होतो, रोहिदास दिव्याकडं बघत होता. विझेना. थांबलो. पुन्हा. विझेना!

आत्या कडाडली, "मुहूर्त चाललाय! बसवा ते पलग आन् करा चालू. नारळ फुटल्यावर थांबत्यात व्हय?"

मागून कुणीतरी, "चालू झालं की चढंल की तेल!"

"कोरडं चाललं तर बेअरिंगं खाऊन टाकंल," रोहिदास माझ्या कानाशी म्हणाला. तरी प्लग बसवले त्यानं. आत्यापुढं कोण टिकणार?

चावी माझ्या हातात. एकदा फिरवली की शिक्रापूर संपलं. दोष मुहूर्ताला. दोष आत्याला. मला कुणी काही म्हणणार नाही! रश्मी समोर उभी, मूठ मिटलेली.

मी चावी काढून खिशात घातली.

पण आतली कडू चूळ कुठंतरी थुंकायला हवीच. रोहिदासवर थुंकलो, सगळ्यांसमोर — "तू इंजिन बांधतोस की उकडीचे मोदक? वरून कळ्या सुरेख, आत सारणच नाही!" हशा पिकला. तो खाली बघून हात पुसत राहिला. पुसून झाले तरी.

७ ऑक्टोबर

पुढचं कव्हर खोललं. पंप ठणठणीत कोरडा! व्हॅसलीनचा मागमूस नाही.

आत्या शांतपणे, "आरं, देवापुढं असलं बरबटल्यालं ठिवायचं व्हय? राखंनं घासला, गरम पाण्यातनं काढला, उन्हात वाळीवला."

रोहिदासनं कपाळाला हात लावला. "मीच भरल्याला, म्हून परत उघडून न्हाई बघितला."

रश्मी हसली. खांबाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हिचं हसणं असं होतं तर — विसरलोच होतो.

९ ऑक्टोबर

पंप पुन्हा धुतला, पुन्हा भरला. स्टार्टर फिरवला — दिवा विझला! मग प्लग बसवून रश्मीनं स्वतः चावी फिरवली. पहिल्या हाकेला उठलं. आत्यानं मुहूर्त न बघता आणखी एक नारळ फोडला.

मी स्वतःवर खूश आहे. मोहाच्या क्षणी चावी काढली ना मी! रश्मीला हे कधीतरी कळायला हवं.

११ ऑक्टोबर

गेली. भांडी, शेगडी, दोन पिशव्या. आत्या नाक्यापर्यंत गेली. मी लेख लिहीत होतो. एक ओळही झाली नाही.

१३ ऑक्टोबर

यवतला गेलो. चारचौघांत दिलेलं चारचौघांतच फेडायचं असतं. गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं म्हणालो, "रोहिदास, चूक तुझी नव्हती. मी नको ते बोललो."

"ऱ्हाऊ द्या, दादा." पण चेहरा सैल झाला. रस्त्यापर्यंत सोडायला आला.

निघताना जरा ऐटीत म्हटलं, "त्या दिवशी मी चावी काढली, म्हणून इंजिन वाचलं बरं का."

तो घुटमळला. "फिरवली असती तरी पेटलं नसतं, दादा. पेट्रोलचा फ्यूज वहिनींनी आधीच काढून घ्यायला लावला. त्यांच्याच मुठीत व्हता. तवाच तर मी प्लग बसवलं."

मग त्यानंच पुढचं सांगितलं.

"म्हणल्या, चावी ह्यांच्या हातात हाय."