खोलीचा आवाज

६ मे, सोमवार.
सहा मे, सोमवार. दोनदा सांगितलं, कारण हे चोरून ऐकणारा जो कुणी आहे तो एवढ्यात विसरला असणार. डोक्यावर टोपी असताना टोपी शोधत घर पालथं घालणाऱ्यातलाच तू. असू दे. ही डायरी माझी आहे, तुझ्यासाठी नाही. मला लिहिता येत नाही म्हणून बोलते आहे. साबणाच्या डबीएवढं यंत्र आहे. तांबडा दिवा लागला की आधी तारीख सांगायची आणि मग मनातलं. डबी मारिसेलाने दिली.

मारिसेला म्हणजे राजधानीची, बोगोताची रेडिओवाली. आमच्या आत्रातो नदीकाठच्या मयताच्या गाण्यांवर तासाभराचा प्रोग्राम करते आहे. बोटीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, गावात गाणं कोण उचलतं? मी म्हटलं, मी, डोमिटिला. खरंच आहे ते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून कुणी गेलं की पहिली ओळ माझी, मागून बाकीच्या बायका. गेल्या वर्षापासून एनेदा उचलते. ते मीच तिला दिलंय. शेजारीण आहे, वयाने लहान आहे, शिकू दे. बायकांनी मला न विचारता तिला पुढे बसवलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

एकदा माझा आवाज देशभर वाजला की मग बघू पुढे कोण बसतं.

उद्या रेकॉर्डिंग. परवा तिची परतीची बोट. सोपं काम.

७ मे.
एक सांगायचं राहून गेलं होतं. घरात मयत असल्याशिवाय ही गाणी म्हणत नाहीत. उगाच म्हटलं तर गाणं गावभर हिंडतं आणि स्वतःच मयत शोधून आणतं. हे ऐकून मारिसेलाचा चेहरा पडला. आजी, नुसत्या दोन ओळी? मी म्हटलं, बाई, दोन ओळींना माणूस अर्धा मरतो का?

पण तोडगा आहे. सातुर्निनो. नदीकडच्या टोकाला त्याचं घर. नाताळपासून अंथरुणात आहे, पाद्रीबाबांनी दोनदा येऊन मरणाआधीचं तेल लावलं. आज ना उद्या जाणारच. मी त्याचं वाईट चिंतत नाही. फक्त बोटीच्या आधी व्हावं, एवढंच.

८ मे.
बोट नाही. नदी बंद. कुणी बंद केली ते डबीलासुद्धा सांगणार नाही, बंदुका त्यांच्याकडे आहेत. निरोप आला की पुढचा निरोप येईपर्यंत एकही बोट वर जाणार नाही की खाली येणार नाही. मारिसेला माझ्या घरात अडकली. तिला म्हटलं, बघ, देवालाच वाटतंय तू थांबावंस. ती म्हणाली, मग देवाने माझ्या साहेबांना तसं कळवावं. फोनचा टॉवर पण बंद आहे.

संकल्प : आजपासून मौन. आवाज राखून ठेवायचा. मौनाचे फायदे मला पुष्कळ माहीत आहेत. घशाला आराम. भांडणं कमी. शिवाय गप्प बाईबद्दल लोक चांगलंच बोलतात, ते मी मारिसेलाला हातवारे करून समजावत होते. तिला काही कळेना. शेवटी बोलून सांगितलं, जरा सविस्तरच.

मौन उद्यापासून.

१० मे.
घराचा स्टुडिओ झाला आहे. खिडकीला गादी, दाराला घोंगडी. कोंबड्या मागच्या ओसरीत. फक्त म्हातारी काबरी कोंबडी ऐकत नाही, ती पहिल्यापासून घरातच राहते. आत उकडून जीव जातो. मारिसेला कानावर हेडफोन लावून फिरते आणि काहीही रेकॉर्ड करते. दगडावर केळी ठेचल्याचा आवाज. डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज. ओट्यावर सुरी. आमच्या पत्र्यावरचा पाऊस तर तिने तीनतीनदा घेतला, जसा काही तो परत पडणारच नाही.

आज म्हणाली, आता खोलीचा आवाज घ्यायचाय. सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. मी म्हटलं, खोलीला काय बोलायचंय? ती म्हणाली, आजी, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. नंतर आवाज जोडताना खाली ती पसरावी लागते, नाहीतर माणूस हवेत बोलतोय असं वाटतं.

शहरात शिकवतात तरी काय.

बसलो. मी विचारलं, झालं का? परत सुरू. मी म्हटलं, डास चावतोय. परत सुरू. मी नुसतंच सांगितलं की आता मी अगदी गप्प आहे. मारिसेलाने हेडफोन काढले आणि म्हणाली, आजी, तुम्हाला एक मिनिटसुद्धा जमत नाही का? मला राग आला. इतका आला की मी तोंडच मिटलं. तेवढ्यात तिचं काम झालं.

माझ्या गाण्याला अजून हात लावलेला नाही. सगळ्या फालतू गोष्टी आधी.

१३ मे.
सातुर्निनोला बघायला गेले. उशाशी बसून जरा घसा साफ केला, सवय म्हणून. त्याने एक डोळा उघडला. अगं डोमिटिले, म्हणाला, माझ्या उशाशी गळा काय तपासतेस? मी म्हटलं, तब्येत विचारायला आले. म्हणाला, तब्येत छान आहे, सकाळी माशाचं सूप प्यायलो, तुझ्या प्रोग्रामसाठी मी मरणार नाही.

मग म्हणाला, आणि मेलो तरी सुरुवात एनेदाने करायची असं पोरांना सांगून ठेवलंय. तू गायलीस तर मी पेटीतून उठून बसेन.

मरायला टेकलेला माणूससुद्धा कबूल करतो की माझ्या आवाजाने मेलेलं उठेल. मारिसेलाला हे दोनदा सांगितलं. तिने टिपून घेतलं नाही.

१५ मे.
नदी बंदच. तेल संपलं. कांदे संपले. तांदूळ तळाला. सकाळी भाजलेली केळी आणि मासा, संध्याकाळी मासा आणि भाजलेली केळी. मारिसेला दारात उभी राहून नदीकडे बघते. पाणी जातंय, आपणच जात नाही, असं म्हणाली. मला तिची दया आली, मग माझीच आली. मी या गावातून कधी बाहेर पडले होते? फक्त माझा आवाज तेवढा जाणार होता.

एनेदा मीठ मागायला आली. तिच्याकडे मीठ आहे, मला माहीत आहे. दारातून नुसतं म्हणाली, ताई, आहेस का घरात? तेवढ्यावर मारिसेलाने मान वर केली आणि हेडफोन कानावर दाबले. मी जोरात खोकले. हेडफोनमध्ये खोकला फार मोठा ऐकू येतो म्हणे. मला काय माहीत.

मौनाचं जमलेलं नाही. हवा दमट आहे.

१७ मे, सकाळ.
शेजारच्या कुत्र्याने काबरी मारली. म्हातारी, पायात वात आलेला, पळता आलं नाही बिचारीला.

विचार केला. नियम काय म्हणतो? घरात मयत हवं. कुणाचं, ते नियम सांगत नाही.

काबरीला टेबलावर ठेवलं आहे. पांढरं फडकं पांघरलं, दोन मेणबत्त्या लावल्या. मारिसेला म्हणाली, आजी, नक्की ना? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, अगं, ही माझ्या घरात राहत होती, माझ्या ताटातलं खात होती, तुझ्यापेक्षा जास्त हक्क आहे तिचा. तिने मुकाट्याने माईक लावला.

आता उचलते. डबी बंद.

१७ मे, दुपार.
नीट सांगते, नाहीतर लोक भलतंच सांगतील.

पहिली ओळ उत्तम. दुसरी ओळ जराशी खाली गेली, चुलीचा धूर होता. तिसरीला तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. धूर फारच होता. परत उघडलं. परत काही नाही. मारिसेला माझ्याकडे बघत होती आणि मी कोंबडीकडे.

तेवढ्यात बाहेर पळापळ. पहिली ओळ गावभर गेली होती. बायका डोक्याला पांढरे रुमाल बांधत, हातात मेणबत्त्या घेऊन, कुणी अर्धी वेणी घातलेली, धावत आत. सगळ्यांना वाटलं सातुर्निनो गेला. मागून काठी टेकत, घोंगडी पांघरून सातुर्निनो स्वतः. ओरडत होता, कोण गेलं? कोण गेलं? मी तर इथे आहे!

फडकं सरकलेलं होतं. काबरीची तंगडी बाहेर.

सगळ्यांचे डोळे तंगडीवर. मला वाटलं जमीन फाटावी. पण आमच्याकडे एकदा उचललेलं गाणं मधेच टाकत नाहीत. टाकलं तर मेलेला वाटेत राहतो, ना इकडचा ना तिकडचा. माझ्या तोंडून तर आवाज नाही. एनेदाने टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं. ती माझ्या शेजारी बसली, माझा हात धरला आणि तिसऱ्या ओळीपासून उचललं. मागून सगळ्या बायका. कोंबडीसाठी. शेवटपर्यंत.

मारिसेला हेडफोन लावून रडत होती. शहरातल्यांना कोंबड्यांचं फार असतं.

नंतर सूप केलं. सातुर्निनोने दोन वाट्या घेतल्या. म्हणाला, माझ्या वेळी पण एवढी माणसं आली पाहिजेत.

नोंद : गाणं मी उचललं. एनेदाने फक्त पुढे नेलं.

१८ मे.
मारिसेलाला विचारलं, माझ्या ओळी आल्या ना? ती म्हणाली, आजी, सगळं आलंय. आणि पटकन केबल गुंडाळायला लागली. केबल गुंडाळलेलीच होती.

२१ मे.
नदी उघडली. पहिल्याच बोटीने मारिसेला गेली. गळ्यात पडली. डबी तुमच्याकडेच ठेवा म्हणाली. निघताना मी तिला सांगितलं, आवाज फार मोठा करू नकोस हं माझा, रेडिओ फुटतील लोकांचे. घर एकदम मोकळं झालं. खिडकीवरची गादी अजून काढलेली नाही. काढेन.

२८ जुलै, रविवार. दुपार.
आज प्रोग्राम. अख्खं गाव माझ्या घरी. मी चर्चचा निळा झगा घातला. खुर्च्या मीच मांडल्या, माझी रेडिओसमोर, एनेदाची मागे, दाराशी, तिला वारा लागावा म्हणून.

आधी नदी. मग बोट. मग माझा दगड, माझी केळी, माझा पत्रा. मी सगळ्यांना सांगत होते, हे माझं, हे पण माझं. मग गाणं आलं. तिसऱ्या ओळीपासून आलं. एनेदा, आणि मागून बायका. शेवटपर्यंत. मग संगीत आणि संपलं.

सातुर्निनो म्हणाला, डोमिटिले, तू कुठे होतीस?

मी चुलीकडे गेले. दूध उतू जात होतं. दूध नव्हतं घरात.

२८ जुलै, संध्याकाळ.
मारिसेलाचा फोन आला. मी काही विचारलं नाही, तिनेच सांगितलं. आजी, तुमच्या दोन ओळी मी फार वेळा लावून बघितल्या. गाणं तिथे तुटत होतं, आणि लोक हसले असते. मला तुम्हाला कुणी हसलेलं नको होतं. पण तुम्ही आहात. तुमच्या खोलीचं ते एक मिनिट सगळ्या प्रोग्रामखाली पसरलं आहे. ते काढलं तर एनेदाबाई कुठे बसून गातायत तेच कळणार नाही.

लगेच सगळ्यांना सांगितलं. मी प्रोग्रामभर आहे, एनेदा फक्त शेवटी. संध्याकाळी प्रोग्राम परत लागला तेव्हा सगळे वाकून ऐकत होते. कुणाला काही ऐकू येईना. सातुर्निनो म्हणाला, डोमिटिला गप्प बसल्याचा आवाज असा असतो होय, आम्ही ओळखणार कसा, कधी ऐकलाच नाही. हसले सगळे. एनेदा मागून उठून आली. कान रेडिओला लावला आणि म्हणाली, ताई, आहे. तुझा श्वास आहे. आत घेताना बारीक शिट्टी वाजते, तीच.

माझ्या श्वासाला शिट्टी आहे हे तिला कसं माहीत? माझ्या मागे बसून इतकी वर्षं ऐकत होती, म्हणून.

तिला माझी खुर्ची दिली. माझे पाय दुखत होते, उभं राहणं बरं वाटतं.

तिचा आवाज चांगला आहे. डबी, एवढं पुसून टाक.

मारिसेला, तू हे कधीतरी ऐकणारच, मला माहीत आहे. आता नीट लक्षात ठेव, विसरशील. पुढच्या बोटीने कांद्याची एक पिशवी पाठव, तेल पाठव, किनाऱ्याकडचं ते खारं चीज पाठव, मोठा तुकडा, एनेदालाही द्यायचाय. आणि एक कोंबडी पाठव, काबरीच. जिवंत पाठव. मेलेली आली तर मला एनेदाला बोलवावं लागेल.